अम्मीसाठी शिकारीची जागा

शारजाला लागून असलेल्या अजमानच्या खाडीकाठी उभी राहून हे फोनवर टाइप करतेय, एकाच अंगठ्याने, कारण दुसऱ्या हातात सँडल आहेत. मागच्या बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्यावर एक ब्रोकर माझी वाट बघतोय. स्टुडिओ फ्लॅट बघायला आले होते मी, एकटीसाठी. तो बिचारा सगळं नीट दाखवत होता, मॅडम ये सेंट्रल एसी, मॅडम नीचे जिम, मॅडम बस स्टॉप दो मिनट, आणि मी मध्येच किचनची खिडकी सरकवली आणि वास आला.

खलास. मी त्याला म्हटलं वन मिनट हां, आणि थेट लिफ्टमध्ये.

ओहोटीचा वास. ज्यांनी घेतला नाही त्यांना कसा सांगू? चांगला नाहीच तो, उगाच खोटं कशाला. थोडा उकडलेल्या अंड्यासारखा, थोडा गंजलेल्या नळासारखा, त्यात शेवाळ, आणि ऊन लागून हळूहळू कोमट होत चाललेला चिखल. जमिनीने जे काही इतका वेळ दाबून ठेवलेलं असतं ते पाणी गेल्यावर ती सोडते ना, तसा. नाकात गेला की आधी तोंड वाकडं होतं आणि मग अजून एकदा घ्यावासा वाटतो. मी आत्ता आठ-दहा वेळा घेतलाय. शेजारी एक जॉगिंग करणारा माणूस माझ्याकडे बघून गेला.

हा वास पहिल्यांदा नीट ओळखला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आणि त्या वेळी आम्ही ह्या देशात राहायचं की नाही, हे त्याच्यावर ठरणार होतं.

तर झालं असं की अम्मीला शिकार हवी होती.

शिकार म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. बंदूक-बिंदूक काही नाही. अम्मीचं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीला चिकटलेलं गाव. तिथे ओहोटीला चिखलात उतरून कुर्ल्या धरायच्या, म्हणजे खेकडे हो, ह्याला तिच्या घरात शिकार म्हणायचे. मामू लोक जायचे, नाना जायचे, आणि त्या सगळ्यांत तरबेज होती अम्मी. बिळाचं तोंड बघून सांगायची की आत आहे की बाहेर गेलीय, आणि आत असेल तर चिडलेली आहे की झोपलेली. हे ती कसं ओळखायची ते मी तिला शंभर वेळा विचारलंय. ती म्हणायची, "तुझा मूड मला कळतो ना, तसाच." मला हे उत्तर अजिबात आवडायचं नाही.

अब्बा मात्र चिपळूणच्या वरच्या अंगाचे, डोंगरातले. त्यांना पाणी माहीत ते बादलीतलं आणि रेडिएटरमधलं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गराज होतं, तिथे मेकॅनिक. बरीच वर्षं एकटे राहिले, मग आम्हाला बोलावलं: अम्मी, मी, आणि माझा धाकटा भाऊ रेहान. शारजात सातव्या मजल्यावर फ्लॅट. आमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसायची, आणि त्यांच्या खिडकीतून, आय गेस, आमची.

त्या फ्लॅटमध्ये अम्मीचा आवाज कमी झाला. आजारी नव्हती, ताप नाही, डोकेदुखी नाही. फक्त गावी जी बाई अंगणातून हाक मारली की खाडीपलीकडे ऐकू जायची, ती इथे किचनमधून हॉलपर्यंतसुद्धा बोलेना. अब्बा तिला फिश मार्केटला घेऊन जायचे. बर्फावर कुर्ल्या, पाय बांधलेल्या, रांगेत. अम्मी एक उचलायची, पोट दाबायची, परत ठेवायची.

"घे ना," अब्बा म्हणायचे. "ताजी दिसते."

"हिला धरली दुसऱ्या कुणी. मी नुसती शिजवू?"

मग त्या साली बिल्डिंग रिकामी करायची नोटीस आली. सगळे मजले, सगळे लोक. अब्बा त्या संध्याकाळी गराजमधून आले ते तीन फ्लॅटची नावं घेऊनच. एक शाळेजवळ, एक बस रूटवर, एक गराजपासून दहा मिनिटांवर. अम्मी चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "घर कुठलंही बघा. पण जवळ मला उतरता येईल असं पाणी पाहिजे. ह्या थंडीत मिळालं तर राहीन. नाय तर शाळेची सुट्टी संपायच्या आत पोरांना घेऊन मी गावी. तुम्ही या वर्षातून एकदा, यायचे तसे."

अब्बा हसले. मग त्यांनी बघितलं की ती हसत नाहीये.

"अगो, लोक शाळा बघतात, ट्रॅफिक बघतात. पाण्यासाठी कोण घर बदलतं?"

"मासे बदलतात."

रेहान सात वर्षांचा, टॅबमधून मान वर करून म्हणाला, "आर वी मूव्हिंग टु इंडिया?" अम्मीने पुढची चपाती लाटायला घेतली. मग त्याने विचारलं, "लाइक, फॉरेव्हर?"

मला जायचं नव्हतं. सांगून टाकते. माझी शाळा इथे, माझ्या मैत्रिणी इथे, आणि अब्बा इथे. दोन वर्षांपूर्वीच तर मला कळलं होतं की अब्बा सकाळी दात घासताना गाणं म्हणतात. इतकी वर्षं ही गोष्ट मला माहीतच नव्हती! परत ते फोनमधले अब्बा होणार? पण खरं सांगायचं तर भीतीच्या बरोबरीने मला एक प्रचंड उत्सुकतापण होती. ह्या वाळवंटात, ह्या एसीच्या देशात, अम्मीची शिकार कुठे लपलेली असेल?

दुसऱ्या दिवसापासून अब्बांनी अख्खं गराज कामाला लावलं. ऑइल फिल्टरच्या एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी यादी केली, काळ्या बोटांचे ठसे सगळीकडे. पठाण डेंटर म्हणाला फुजैरा. मलबारी इलेक्ट्रिशियन म्हणाला उम अल क्वैन, तिथे म्हणे कुर्ल्या हात दाखवून टॅक्सी थांबवतात. बंगाली पेंटर म्हणाला भाभी को बोलो मछली खाओ, केकड़े में क्या रखा है, त्याचं नाव अब्बांनी यादीत घेतलं नाही. जिथे मनाईचा बोर्ड आहे त्या जागा खोडल्या. उरलेल्या जागांना आम्ही शुक्रवारी जायचं ठरलं. तेव्हा इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, आम्हाला रविवारी शाळा, आणि अब्बांना फक्त शुक्रवारीच सुट्टी.

आता अम्मीचा हिशोब सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

गावी कुणी भरतीचं टाइमटेबल बघत नाही. चांदाची तारीख घ्यायची, तीत एक मिळवायचा, आणि त्याची पाऊणपट करायची. ती भरतीची वेळ. त्याच्यापासून सहा तास मागेपुढे गेलं की ओहोटी. अम्मी हे बोटांच्या पेरांवर करायची, कांदा कापता कापता. मी विचारलं, पाऊणपटच का? अर्धी का नाही?

"कारण चांद रोज पाऊण तास उशिरा उठतो."

"का?"

"त्याला शाळा नाय."

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. शिकारीला तेच दिवस. त्यामुळे आमचे दौरे पंधरा-पंधरा दिवसांनी. आणि ह्या हिशोबाने उधाणाच्या दिवसांत ओहोटी नेहमी भल्या सकाळी यायची. म्हणजे फजरची नमाज झाली की आम्ही निघणार. अब्बांची जुनी पांढरी गाडी, आत इंजिन ऑइलचा आणि कडक चहाचा वास, मागे बादली, आणि बादलीत बिळातून कुर्ली ओढायची अम्मीची आकडी. ती लोखंडी आकडी अब्बांनी गराजमध्ये बनवली होती, टोक वाकवून, घासून घासून गुळगुळीत केलेली, मुठीला सायकलच्या हँडलचं रबर.

पहिला दौरा शारजाचाच किनारा. पोचलो तर पाणी दगडांना थडाथडा लागत होतं. अम्मी अर्धा तास उभी राहिली. बोटं मोजली. परत मोजली. "नाय," ती म्हणाली. "इथे उतरतच नाय पाणी."

दुसरा दौरा, ही खाडी. हीच, जिथे मी आत्ता उभी आहे. तेव्हा इथे हा कठडा नव्हता, हे दिवे नव्हते. पाणी काठापर्यंत, चमकत असलेलं, आणि मध्ये फ्लेमिंगो. गुलाबी, झोपाळू, एका पायावर. ते पाण्यात गुडघाभरच बुडालेले होते, म्हणजे तळ जवळच होता, पण एवढं आमच्या डोक्यात आलं नाही. अम्मी म्हणाली, "छान आहे. पण नाय." छान म्हणताना तिचा आवाज किती बारीक होता ते मला अजून ऐकू येतं.

तिसरा दौरा उम अल क्वैन. तिथे अम्मी गाडीतून उतरलीच नाही. काच खाली केली, पाणी बघितलं, काच वर केली. रेहानने मागून विचारलं, "इज द सी ब्रोकन?"

अम्मी खूप हसली. आणि मग तिने खिडकीकडे तोंड केलं, ते शारजा येईपर्यंत इकडे वळवलं नाही.

त्या आठवड्यात सूटकेस कपाटावरून खाली आली. रिकामीच होती. पण उघडी. हॉलमध्ये भिंतीला टेकून, आणि आम्ही सगळे तिच्या बाजूने जरा अंग चोरून जायचो. आतून डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. एके दिवशी शाळेतून आले तर तिच्यात माझे आणि रेहानचे स्वेटर होते. गावी कसले स्वेटर लागतात?  रात्री हळूच माझा स्वेटर काढून परत कपाटात ठेवला. सकाळी तो परत सूटकेसमध्ये.

मग अम्मीच्या मुदतीतला शेवटचा शुक्रवार. अब्बा म्हणाले अजमानचा एक फ्लॅट दाखवतायत, चल बघून येऊ.

"मी फ्लॅट बघून काय करू?"

"बरं, फ्लॅट नको बघू. नाश्ता करू तिथे."

अम्मीने शाल घेतली. आणि निघता निघता, नुसत्या सवयीने, तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. चांद एक. अधिक एक, दोन. भरती दीड वाजता. ओहोटी साडेसातला. अब्बांनी ते बघितलं, आणि गुपचूप बादली डिकीत टाकली.

सहाला निघालो. आणि अर्ध्या रस्त्यात एक ट्रेलर आडवा. खजुराची खोकी रस्ताभर, खोक्यांतून खजूर, खजुरांवरून गाड्या, आणि थंड हवेत तो गोड चिकट वास. लोक गाडीतून उतरून उभे. अब्बा ह्या रस्त्याला एरवीही शिव्या घालायचे, त्या दिवशी तर त्यांनी तीन भाषांत घातल्या. सात वाजले. साडेसात. आठ.

"वळवा," अम्मी म्हणाली. "गेली ओहोटी. आता पाणी भरायला लागलं असेल."

"कुठे वळवू? पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला खजूर!"

"मग नाश्ता पण इथेच करा."

अब्बांनी खरंच खाली उतरून एका फुटलेल्या खोक्याजवळच्या पोलिसाला सलाम केला आणि परत येऊन म्हणाले, "यल्ला, चला चला म्हणतोय, पण कुणाला म्हणतोय कळत नाय."

पोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. आणि मी सांगते, आधी वास आला. गाडीच्या बंद काचांतून. अम्मी पुढच्या सीटवर एकदम ताठ झाली.

पाणी नव्हतं.

म्हणजे कुठेच नव्हतं! जिथे गेल्या वेळी चकचकीत आरसा होता तिथे चिखल, करडा, ओला, लांबच लांब, त्याच्यावर बारीक सुरकुत्या, आणि सगळीकडून एक आवाज, टिप् टिप् पुट् पुट्, हजारो छोटी तोंडं उघडमीट करत असल्यासारखा. होड्या कलंडून पडलेल्या. त्यांचे दोर चिखलावर. फ्लेमिंगो पार तिकडे, पाण्याच्या मागे मागे गेलेले. गाडी थांबायच्या आधी अम्मीने दार उघडलं.

"लवकर!" तिने सलवार वर खोचली, ओढणी कमरेला बांधली. "भरायला लागलंय, अर्धा तास मिळेल फक्त. आकडी!"

ती आत. मी काठावर. मला कळेना, पाणी येतंय की जातंय? नुसतं बघून समजत नाही, तुम्ही कधीतरी बघा. मग मी रेहानच्या ज्यूसची स्ट्रॉ घेतली आणि बरोबर पाण्याच्या कडेला खोचली. थोड्या वेळाने बघते तर स्ट्रॉ कोरडी, पाणी तिच्यापासून दोन पावलं लांब. दुसरी खोचली. तीही कोरडी. तिसरी. रेहान रडायला लागला, दॅट्स माय जूस! चौथी खोचून मी ओरडले, "अम्मी! पाणी अजून जातंय!"

"शक्यच नाय!"

"येऊन बघ!"

ती आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. चार स्ट्रॉ एका रांगेत. तिने स्ट्रॉ बघितल्या, बोटं मोजली, आभाळाकडे बघितलं, परत स्ट्रॉ. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं.

प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे अरब बसले होते, कंदुरा, म्हणजे तो लांब झगा, गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, बाजूला कहव्याचा थर्मास. जुन्या माणसांना येतं तसं झकास हिंदी.

"पिछले महीने भी आया था तुम लोग," ते म्हणाले. "सुबह-सुबह आया, पानी को गुस्से से देखा, चला गया."

अम्मीने ओढणी डोक्यावर घेतली. "तब पानी उतरा ही नहीं था, बाबा."

"टाइम कौन बताया?"

"चाँद."

"चाँद तो सही बताता है, बहन. लेकिन बंबई का हिसाब इधर नहीं चलता."

"बंबई का नहीं. रत्नागिरी का."

"वो भी नहीं चलता." त्यांनी कहवा ओतला. "ये हमारा समंदर है, और ये खोर है, मतलब खाड़ी. पानी को अंदर आने-जाने में देर लगती है. तीन घंटा जोड़ो. अभी एक घंटा और उतरेगा. आराम से."

तीन तास. अम्मी तशीच उभी. तिच्या चेहऱ्यावर काय काय झालं ते मी बघत होते, राग, मग शरम, मग काहीतरी असं की जे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. ती अब्बांकडे वळली.

"तीन जागा आपण उगाच नापास केल्या."

"आपण?" अब्बा म्हणाले.

मग ती परत आत गेली, पण आता आरामात. आणि मी माझ्या अम्मीला पहिल्यांदा चालताना बघितलं. घरात ती जे करायची ते चालणं नव्हतंच. इथे ती पाय उचलत नव्हती, सरकवत होती, तळव्याने चिखल वाचत वाचत. थांबायची. मान तिरकी. परत सरकायची. उथळ पाण्याच्या एका पट्ट्यात ती थांबली ती थांबलीच. पायाने काहीतरी दाबलं. वाकली, हात मागच्या बाजूने आत गेला, आणि वर आला तेव्हा हातात कुर्ली होती. निळी! शाईसारखे निळे पाय, पांढरे ठिपके, नांग्या हवेत, तिचं चिडणं इथून दिसत होतं. गावच्या कुर्ल्या अशा नसतात. अम्मीने तिला उलटी करून बघितलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला, खरंच घेतला. अजून बारकी होती म्हणून परत सोडून दिली. आणि मग आमच्याकडे तोंड करून ओरडली.

"हाय! हाय गो इथे!"

एवढंच. पण तो आवाज! पलीकडच्या होड्यांवरच्या माणसांनी माना वळवल्या. अब्बांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. अम्मीच्या गावच्या अंगणातला आवाज होता तो, आणि तो इथे आला होता.

फ्लॅट बघायला आम्ही तसेच गेलो, तीन कुर्ल्या बादलीत खडखडत, अम्मीच्या पायांचे ठसे लॉबीभर. नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, मागे मागे, "मट्टी! भाभी, मट्टी!" अब्बा बेडरूम बघत होते, गीझर, एसी. अम्मी सरळ किचनमध्ये. खिडकी उघडली. मग खाली वाकून ओट्याखालचं कपाट बघितलं.

"बादली मावेल," ती म्हणाली.

अब्बा फ्लॅट दाखवणाऱ्या माणसाला म्हणाले, "पेपर तैयार करो."

त्यानंतरची वर्षं मला वासांनीच आठवतात. खोबरं भाजल्याचा वास, कांदा काळा होईपर्यंत. वाटणात तिरफळ, गावाहून आलेलं, ते घातलं की अख्ख्या मजल्याला कळायचं. लिफ्टमध्ये ओल्या बादलीचा वास, ज्यासाठी आमच्यावर दोनदा नोटीस लागली. फ्रिजवर कॅलेंडर, त्यात प्रत्येक उधाणाला दोन वेळा लिहिलेल्या, निळ्या पेनाने गावची, लाल पेनाने इथली. मी विचारलं गावची कशाला लिहितेस? म्हणाली, "भाऊ जात असतील ना तेव्हा." थंडीतल्या सकाळी दवाने ओल्या झालेल्या गाड्या. चिखलात रुतून गेलेली रेहानची एक चप्पल, तिचं आम्ही रीतसर दफन केलं. उन्हाळ्यात शिकार बंद, तेव्हा अम्मी खिडकीत बसून नुसतं पाणी येताना-जाताना बघायची, आणि तरी तिचा आवाज कमी व्हायचा नाही. शेजारच्या पुण्याच्या काकू, ज्यांच्या घरात मासेसुद्धा शिजायचे नाहीत, त्या एकदा सोबत आल्या आणि गुडघाभर चिखलात उभ्या राहून तासभर हसत होत्या. त्यांना परत बाहेर काढायला अब्बा आणि ते म्हातारे बाबा, दोघं लागले.

ती बादली आता नाही. पांढरी गाडी नाही. बाबांची खुर्चीपण एका थंडीत दिसली नाही, आणि मग पुढच्याही. काठावर फरशी आलीय, बाकं आली आहेत, सेल्फी काढायला एक मोठी फ्रेम. आमची जुनी बिल्डिंग कुठली ते मला दोनदा मोजून बघावं लागलं. अम्मी-अब्बा गेल्या वर्षी गावी गेले, अम्मीच्याच माहेरच्या गावात छोटं घर बांधून. रेहान शिकायला गेला. मी उरले, आणि माझ्याकडे चार फ्लॅटची यादी आहे: एक ऑफिसजवळ, एक मेट्रोजवळ, एक मैत्रिणीजवळ, आणि एक हा.

इथपर्यंत टाइप केलं आणि राहवलं नाही. इथे सगळी ॲप चालत नाहीत, ज्यावरून कॉल लागतो त्या ॲपवरून अम्मीला व्हिडिओ लावला. नेहमीसारखं आधी तिचं नुसतं कपाळ दिसलं.

"कुठे हायस? वारा ऐकू येतो."

मी कॅमेरा फिरवला. चिखल, होड्या, लांबवर गुलाबी ठिपके.  मग मी इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारून टाकलं.

"अम्मी, खरं सांग. त्या दिवशी तो ट्रेलर आडवा पडला नसता, आपण वेळेवर पोचलो असतो, तर तू खरंच आम्हाला घेऊन गेली असतीस?"

"गेले असते म्हणजे काय? बॅग उघडीच होती."

हातातल्या सँडल मी कठड्यावर ठेवल्या. 

"पण तुझे अब्बा," ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी अजून एक जागा घेऊन आले असते. मग त्याच्या पुढच्या. मी किती वेळा नाय म्हणणार?"

मागून अब्बांचं खोकणं ऐकू आलं. मग आवाज. "रास अल खैमाची बघून ठेवलीच होती मी. देशाच्या बॉर्डरच्या अलीकडे, डोंगराच्या पायाशी."

स्क्रीन हलला. अम्मीचं कपाळ गेलं, छत आलं, पंखा आला.

"कधी गेलेलात?" अम्मीने विचारलं.

"तू बॅग काढलीस ना, त्याच गुरुवारी. हाफ डे घेऊन."

"आणि हे मला आत्ता सांगता? बारा वर्षांनी?"

"तू विचारलंस कुठे?"

स्क्रीनवर नुसता पंखा फिरत होता. मला वाटलं दोघं फोन विसरून उठून गेले. ब्रोकरचा मिस्ड कॉल येऊन गेला. मी कट करणार, एवढ्यात अम्मीचा आवाज आला, जवळ सरकून कुणाला तरी विचारावं तसा.

"पाणी कसं होतं हो तिथलं?"